घंटीचे बटण

माझ्यासारखीने लिहावे हे धार्ष्ट्यच. वाचकांनी क्षमा करावी. एम. ए. झाले, शाळेत मराठी शिकवली, इतरांचे निबंध तपासता तपासता निवृत्त झाले. स्वतःचे म्हणून पानभरही कधी लिहिले नाही. आणि विषय तरी काय, तर बटणावरचे एक चित्र.

माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामांचा, जन्म कड्यापलीकडच्या माळावर मेंढरांमागे गेला. अर्धांगवायूने त्यांचे एक अंग गेले आणि आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचेनासा झाला. म्हणून यजमानांनी बिनतारी घंटी आणली. खाटेशी ठेवायच्या डबीवर तीन बटणे होती: एकावर कप, एकावर ताट, एकावर घंटी. प्रत्येकाचा सूर वेगळा. मामांना अक्षरओळख नाही. चित्रे पुरेशी आहेत असे आम्ही धरून चाललो. घंटी मदतीसाठी असते, हे सांगण्याचीही गरज आम्हांला वाटली नाही.

पहिल्या दिवसापासून घंटी वाजू लागली. पिठाच्या हातांनी मी धावत जाई. मामा निवांत पडलेले असत.

"काय झालं, मामा?"

"कुठं काय? समदं बरं हाय."

दिवसातून कितीदा तरी हे घडे. माझे गुडघे आता धावण्याच्या वयाचे राहिलेले नाहीत.

मग एका दुपारी घंटी वाजलीच नाही, आणि मामा खाटेखाली पडलेले सापडले. डबी हातातच होती. त्यांना वर घेताना मी पार थकले, जरा चिडूनच विचारले, "घंटी का नाही दाबलीत?"

"पडल्यावर घंटी कावून दाबू? मेंढीच्या गळ्यात घंटी वाजती, तवर कळप बरा असतो. थांबली की माणूस उठतो. तू कावून उठली न्हाईस?"

मी कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्या खाटेशी बसले.

जेवण वेळेवर मिळतेच, म्हणून ताटाच्या बटणावर मी कागद चिकटवला आणि पडलेला माणूस काढला. मामा म्हणाले, "ह्यो लई पिलाय." मग तांबडी फुली काढली. "दवाखाना? मंग म्या दाबतच न्हाई." मी पेन्सिल खाली ठेवली.

"मग तुम्हीच सांगा, काय काढू?"

"मला बलवायचंय कुनाला? तुलाच ना? तुझंच तोंड काढ की."

कुंकू, चष्मा, डोक्यावर पदर. "नाक लई थोर झालं," ते म्हणाले, पण ओळखले.

आता ते बटण वाजले की मी जाते. घंटीचे चित्र तसेच ठेवले आहे. ती वाजली तर तव्यावरची भाकरी सोडत नाही. मात्र कधी कधी दोन्ही बटणे गप्प असतात. यजमान बाजारात, मुलगा पुण्यात. तेव्हा पीठ तसेच ठेवून, गुडघ्यांवर हात टेकून, मलाच उठावे लागते.

तुमच्या घरी त्या बटणावर कोणाचे तोंड काढावे लागले असते?