माशांचं मशीन

परळच्या कॉलेजात मास स्पेक्ट्रोमीटर यावा म्हणून धनेश मेस्त्री तीन वर्षं प्रस्ताव लिहीत होता. पदार्थातले रेणू वजनावरून ओळखणारं हे यंत्र अखेर आलं, तेव्हा त्याने लालबागच्या चाळीत असे पेढे वाटले, जणू त्यालाच मुलगा झालाय.

"माशांचा मशीन इला?" आईने विचारलं.

"मासे नाय गो आये, मास! म्हणजे वस्तुमान."

"सुरमय ताजी काय शिळी, ता सांगतला?"

"नाय."

"मगे येवढी वर्सां केलंस काय?"

धनेश कंत्राटी नोकरीत. विभागप्रमुख मृणालिनीबाईंनी बजावलं होतं, "चाचणी नीट झाली तर यंत्र तुझ्या ताब्यात. नाहीतर बाहेरचा माणूस आणावा लागेल."

चाचणीच्या दुपारी बाई आणि विद्यार्थ्यांसमोर त्याने बाटलीत शुद्ध कॅफिन भरलं. पडद्यावरच्या आलेखात एका पदार्थाचा एकच सुळका यायला हवा होता. आले दोन.

"सॉल्व्हंट, म्हणजे द्रावक, भेसळीचा असणार," धनेश ठामपणे म्हणाला. मग त्याने नायट्रोजनला दोष दिला, मग इमारतीच्या वीजपुरवठ्याला. विद्यार्थी भराभर लिहून घेत होते, त्यामुळे त्याला आणखी चेव आला.

कंपनीचा इंजिनिअर अमित शांतपणे म्हणाला, "सर, हे वजन हळदीतल्या कर्क्युमिनचं दिसतंय."

बाईंनी धनेशच्या बोटांकडे पाहिलं. पिवळीधमक.

"डब्यात काय होतं रे?"

"बांगड्याचं तिखलं. भरपूर हळदीचं."

"आणि हातमोजे?"

"काढले होते. मोज्यांनी फोन उघडत नव्हता. आईला मशीनचा फोटो पाठवायचा होता."

वर्ग खो खो हसला. वीज, नायट्रोजन, सॉल्व्हंट सगळे निर्दोष सुटले. धनेशने साबणाने हात घासले, नवे मोजे घातले, नवी बाटली भरली. या वेळी एकच सुळका आला.

"ताबा घे," बाई म्हणाल्या. "पण पहिल्या तासाला तो आधीचा आलेख शिकवायचा. तुझ्या नावासकट."

घरी त्याने सगळी हकीकत सांगितली. आई म्हणाली, "मी काय सांगलंय? माशांचा मशीन!"

"आये, मशीनने बांगडा नाय, हळद ओळखली."

"हळद खंय होती? बांगड्याकच ना?"

तीन वर्षं तज्ज्ञ समितीच्या प्रत्येक शंकेला उत्तर देणाऱ्या धनेशने बोटांचा वास घेतला. मग तो पुन्हा हात धुवायला उठला.