घरपट्टीच्या लिलावात: एक वार, दोन वार...

थकलेली घरपट्टी आणि नगरपालिकेतले किस्से, दोन्ही आपोआप साचत जातात. मी वसुली खात्यात कारकून होतो. गावाचं नाव सांगत नाही. साताऱ्याहून सांगलीला जाताना एस.टी. जिथं चहाला थांबते, त्यातलं एक समजा. सत्तर सालानंतर आमच्याकडे लिलावांचा सपाटा सुरू झाला. पट्टी थकली की घर लिलावात! मित्रमंडळीत हे सांगितलं की सगळे हसतात. तुम्हीही हसा. मला मात्र अजून राग येतो, तेव्हा मध्येच आवाज चढला तर सांभाळून घ्या.

आधी माणसं सांगतो. वसुली अधिकाऱ्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो. महादू शिपाई दवंडी पिटायचा. आणि विलासराव, लाकडाच्या वखारीचे मालक. हे नगरपालिकेचे कोणीही नव्हते, पण लिलावाच्या दिवशी साहेबांच्या आधी ऑफिसात हजर! टेबलावर रूळ आपटून "एक वार, दोन वार, तीन वार" म्हणायचं काम माझं. तिसरा वार झाला की घर गेलं.

* * *

नियम असा की लिलावाआधी घरमालकाच्या गल्लीत दवंडी पिटायची. एकदा तांबट आळीतला एक म्हातारा लिलाव झाल्यावर धापा टाकत आला. "दवंडी पिटलीच न्हाई! मी दारातच बसलो हुतो की!"

मी महादूला धरलं. पठ्ठ्यानं दवंडी पिटली होती, पण भर दुपारी, सगळ्या आळीत हंडे-घागरी ठोकायचं काम ऐन भरात असताना. तिथं त्या वेळी शेजारच्याचं बोलणं कळत नाही!

"अरे, कुणाला ऐकू तरी गेलं का?"

"सायबांनी वाजवाय सांगितलं हुतं," महादू म्हणाला. "ऐकू गेलं पायजे आसं कुटं म्हनले?"

घर विलासरावांना गेलं.

* * *

एकाहत्तरच्या लढाईनंतर एक जवान रजेवर आला. खांद्यावर ट्रंक, हातात आईसाठी घेतलेली शाल. बघतो तर घराला दुसऱ्याच कुणाचं कुलूप! तो सीमेवर असताना बायको बाळंतपणाला माहेरी कोरेगावला गेली होती, म्हातारीही तिच्याबरोबर. आम्ही बंद दारावर नोटीस डकवली, आणि साहेबांनी पंचनाम्यात लिहिलं, "मालक मुद्दाम गैरहजर."

तो ट्रंक घेऊन तसाच ऑफिसात आला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. साहेबांनी त्याला नियम वाचून दाखवला. नोटीस पत्त्यावर दिली, मालक सापडला नाही, नगरपालिकेचा दोष नाही.

"सायेब," तो म्हणाला, "पाकिस्तानच्या तोफेला माझा पत्ता घावला. तुमाला घावला न्हाई व्हय?"

साहेबांनी फाईल मिटली आणि चहा सांगितला, स्वतःपुरता. त्या दिवशी मी गप्प बसलो. लाज वाटते सांगायला, पण बसलो खरा.

* * *

इस्लामपूरच्या एका मास्तरांनी पेपरात लिलावाची जाहिरात वाचली आणि पहिल्या एस.टी.नं आले. साधा, इस्त्रीचा सदरा घातलेला माणूस. निवृत्तीनंतर राहायला दोन खोल्या हव्या होत्या. लिलाव अकराला. मास्तर पावणेअकराला दारात उभे, तर आत लिलाव संपून विलासराव पेढे वाटतायत!

मास्तर म्हणाले, "अहो, अजून पंधरा मिनिटं आहेत!"

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. सव्वाअकरा! काटे सकाळीच पुढे सरकवले होते, मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"तुमचं घड्याळ मागं आहे, मास्तर."

"माझ्या घड्याळावर शाळेची घंटा होते. मुलं परीक्षा देतात!"

"तरीच," साहेब म्हणाले, "इस्लामपूरचा निकाल कमी लागतो."

वर मास्तरांच्या हातावर पेढा ठेवला. मास्तरांनी तो टेबलावर परत ठेवला आणि निघून गेले.

* * *

लिलावाला निदान तीन बोलीवाले लागायचे. विलासराव, त्यांचे साडू आणि त्यांचा जीपचा ड्रायव्हर, झाले तीन! ड्रायव्हरनं एकदाच बोली वाढवायची, मग विलासरावांनी त्याच्यावर चढवायची आणि घर घ्यायचं, हे ठरलेलं. तालीम केलेल्या नाटकासारखं चालायचं सगळं.

एकदा ड्रायव्हरनं बोली दिली आणि विलासरावांना ठसका लागला. तंबाखू घशात गेलेली. डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द नाही. साडू नुसते त्यांच्या पाठीवर थापट्या मारतायत. मला इतकी चांगली संधी पुन्हा कधी मिळणार? मी आयुष्यात इतक्या भरभर एक ते तीन कधी मोजले नाहीत!

बाहेर आल्यावर विलासराव म्हणाले, "चल, घर माझ्या नावावर कर."

ड्रायव्हर म्हणाला, "मालक, सरकारी कागदाव माझं नाव आलंया. आता सरकारच्या म्होरं मी कोन?" बायकोचे दागिने मोडून त्यानं पैसे भरले आणि त्याच घरात संसार थाटला.

पुढच्या लिलावाला विलासराव जीप स्वतःच चालवत आले.

* * *

साहेबांचा बंगला सांगलीला विश्रामबागेत उभा राहत होता. एकदा कागदांवर सह्या घ्यायला गेलो, तर दारं-खिडक्या सगळ्या सागवानी! एका दारावर विलासरावांच्या वखारीचा लाल रंगाचा शिक्काही तसाच.

"साहेब, लाकूड झकास आहे. कुठलं हे?"

"झाडाचं," साहेब म्हणाले.

* * *

आता जैतूनचाचीचं सांगतो. ही गाद्या शिवणारी विधवा बाई, विलासरावांच्या घराला लागून दोन खोल्यांत राहायची. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण दर मार्चला घरपट्टी भरायला पहिली हजर. जुनी पावती खिडकीतून आत सरकवायची, "ह्या नंबरची घ्या."

मधे नगरपालिकेनं घरांचे नंबर बदलले. चाचीचा जुना नंबर विलासरावांच्या घराला गेला आणि चाचीला नवा मिळाला. तिला कुणी सांगितलं नाही. मार्चच्या गर्दीत आम्ही पावतीवर नाव लिहीत नसू, नुसता नंबर टाकायचो. ती जुनी पावती दाखवायची, आणि आम्ही त्याच नंबरची पट्टी घ्यायचो. चार वर्षं ही बाई विलासरावांच्या घराची पट्टी भरत होती! रक्कम वाढलेली बघून तिनं एकदा विचारलंही होतं, "लय वाढली की, भाऊ?" "महागाई आहे, चाची," असं सांगणारा कारकून मीच. चारांतल्या दोन पावत्यांवर माझी सही आहे.

विलासरावांना चार वर्षांत पट्टीची मागणी गेली नाही. त्यांनी तक्रार केली नाही!

चाचीचं घर थकबाकीत निघालं. दारावर नोटीस लागली तेव्हा तिनं ती शेजाऱ्याकडून वाचून घेतली. शेजाऱ्यानं सांगितलं, "चाची, ह्यो नंबर तुजा न्हाई. चुकून लावली आसंल." शेजारी म्हणजे विलासराव! माणूस इतका नीच असू शकतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

लिलावाच्या दिवशी महादूनं, बहुतेक पहिल्यांदाच मनानं, जाऊन तिला खरं सांगितलं. ती आली तेव्हा मी "दोन वार" म्हणून रूळ उचलला होता. तिनं कनवटीतून चार पावत्या काढून टेबलावर मांडल्या. मी नंबर वाचले, रजिस्टर उघडलं आणि एकेक नंबर ताडून पाहिला.

"साहेब, हिनं सगळी पट्टी भरलीय. विलासरावांच्या घराची भरलीय."

"अर्ज करू दे," साहेब म्हणाले. "चौकशी होईल. तुम्ही तिसरा वार घ्या."

"नाही घेणार."

"काय म्हणालात?"

"नाही घेणार! तुम्हीच घ्या!" रूळ मी त्यांच्यापुढे फेकला.

चाची विलासरावांकडे वळली. "तुमाला ठावं हुतं?"

विलासराव हसले. "सरकारी कामात आपन काय बोलायचं, चाची?"

तिनं पावत्या गोळा करून पुन्हा कनवटीला लावल्या. "बरं," म्हणाली. "माजं घर तुमी घ्या. मी ज्या घराची पट्टी भरली, तितं जाते."

साहेबांनी "तीन वार" म्हटलेलं मला जिन्यात ऐकू आलं. मी तिच्या मागोमाग निघालो होतो. घरी जाऊन तिनं गादीची वळकटी काखेला मारली आणि बाजेचा एक पाय धरला. एकटीला उचलेना. दुसरी बाजू मी धरली. सगळी गल्ली बघत होती. आम्ही विलासरावांच्या पायऱ्या चढलो आणि तिनं कडी वाजवली.

विलासरावांच्या मंडळींनी दार उघडलं. "कोन पायजे?"

"कुनी न्हाई," चाची म्हणाली. "जरा बाजूला व्हा. बाज आत घ्यायची हाय."