नणंदेला पाठवलेला लगदा

सकाळी पोह्यांचा पहिला घास तोंडात असताना नणंदेने फोटो पाठवला. फोटोत एक उघडं खोकं होतं आणि खोक्यात हिरवट-तपकिरी लगदा. कुणीतरी भरपूर नाक शिंकरून रुमाल घडी घालून ठेवावा, तसा. लगद्यातून एक दोरा बाहेर आला होता आणि त्याला चार-पाच गोळे लोंबत होते. माशाच्या डोळ्यांसारखे, पांढरट, बुळबुळीत. फोटोला वास नसतो म्हणतात. मी शपथेवर सांगते, या फोटोला होता. पोह्यांतला वाटाणा माझ्याकडे टक लावून बघू लागला. मी ताटली सरकवली.

लगेच तिचा फोन.

"वहिनी, हे काय पाठवलं वं माय? मी हात घातला त्याच्यात!"

"बोटंच गेली ना, ताई?"

"पार मनगटापावतर! तीनदा साबण लावला, तरी वास येऊन राह्यला. सून म्हणते, आई, खोकं घरात आणू नका."

त्या खोक्यात खरं तर मोत्यांची वेल होती. दोऱ्याएवढं देठ, त्यावर मटारासारखे टपोरे हिरवे मणी, कुंडीच्या काठावरून खाली सुटलेल्या लडी. ही वेल नणंदेच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, नागपूरहून यवतमाळपर्यंत मांडीवर ठेवून आणली होती. तिची देखभाल ते अशी करायचे की तिच्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. महिन्यातून एकदा आठवण आली तर चूळ भरता भरता गडव्यातलं थोडं पाणी टाकायचे. वेल खूश होती.

मग भाऊजी गेले. नणंद मुलाकडे नाशिकला राहायला गेली, कुंडीही गेली आणि चार महिन्यांत वेल मुळापासून सडली.

"मी रोज पाणी घालत होती," तिनं मला तेव्हा सांगितलं होतं. "दोन टाइम. सकाळी उठलं की कोणाले काही द्यायचंच नाही, असं कसं जमंल वं?"

मी घाबरून खरं बोलून टाकलं. त्या वेलीची एक लड माझ्याकडे होती. चांगली तीन वर्षांची, खिडकीभर पसरलेली. विकत घेतलेली नाही, मागितलेली नाही. भाऊबीजेच्या दिवशी तिच्याच गॅलरीतून खुडून, रुमालात गुंडाळून, पर्समध्ये घालून आणलेली. चोरून आणलेलं रोप जोमानं वाढतं अशी आमच्याकडे पक्की समजूत आहे आणि मी परंपरा मानणारी बाई आहे.

"चोट्टी!" नणंद म्हणाली. पण आवाज एकदम दहा वर्षांनी लहान झाला होता. "मंग पाठव ना एक लड. त्यांच्या हातची तेवढीच उरली."

मी सगळ्यात लांब दोन लडी कापल्या. कापलेली टोकं सुकावीत म्हणून दोन दिवस वर्तमानपत्रावर ठेवल्या. या वेलीचा प्रत्येक मणी म्हणजे पाण्याची टाकी. वाटेत तिला बाहेरचं पाणी मिळालं की ती कुजलीच. म्हणून कोरडी गुंडाळली आणि खोक्यासाठी आमच्या कोपऱ्यावरच्या कूलरवाल्या चाचांकडे दिली. फेब्रुवारी सरत आला होता, चाचांच्या दुकानापुढे कूलरच्या गवताचे ढीग लागले होते. त्याहून मऊ गादी कुठली? चाचा म्हणाले, भाभी, तुम्ही जा, मी पॅक करून कुरिअरवर देतो.

फोटो आला त्या दिवशी मी मोबाइल पुढे धरून त्यांच्या दुकानात शिरले.

"चाचा, गवत कोरडं टाकलं होतं ना?"

"कोरडं?" चाचा दुखावले. "भाभी, हमको क्या कसाई समझे? मस्त भिजवून टाकलं. दोन मग्गे."

"दोन मग्गे!"

"नाशिक काय जवळ आहे का? जीव आहे त्याच्यात. प्यास लगती."

"आणि भोकं?"

"भोकं पाडली तं पाणी गळन ना! वरून टेप मारला, चार पदरी." मग त्यांनी फोटो जवळून पाहिला, दुरून पाहिला आणि तोंडातला खर्रा थुंकून आले. "या अल्ला. भाभी, तीस वर्षं झाले, हे गवत हातात आलं का हात आपोआप मग्ग्याकडे जाते."

घरी येऊन मी माझी वेल तपासायला गेले आणि तिथे माझी खोड जिरली. कुंडीच्या मध्यावर, मण्यांच्या बेचक्यांत, कापसाच्या बोंडातून उडून आल्यासारखे पांढरे पुंजके. तो कापूस चालत होता. पिठ्या ढेकूण! कपाशीवाले ज्याच्या नावानं बोटं मोडतात तोच, आता माझ्या बैठकीत. मी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं एकेक टिपायला लागले. दाबला की आतून नारिंगी रस यायचा. एक फुटला तो थेट चष्म्यावर. नवरा समोर वरण-भात घेऊन बसला होता.

"हे आत्ताच करणं जरुरी आहे का?"

"तुम्ही तिकडे तोंड करा."

"आवाज येऊन राह्यला त्याचा."

आवाज येत नव्हता. पण मग मी लडी उचलून पाहिल्या आणि खरोखर आला, चिखलातून चप्पल ओढल्यासारखा. ढेकणांनी पोखरलेले बुडखे कुजून गेले होते. अख्खी वेल केसांच्या गंगावनासारखी माझ्या हातात आली आणि बोटांवरून काळं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. उन्हाळ्यात पोत्याच्या तळाशी विसरलेला बटाटा, तो वास. नवरा ताट घेऊन अंगणात गेला.

शेवटी वाचली ती वीतभर लड. अकरा मणी.

नणंदेला सांगितलं तर म्हणाली, "राहू दे वं वहिनी. एकच आहे, तुह्याच जवळ ठेव. माह्या हातानं मरते ते."

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. अर्धी ठेवून अर्धी पाठवावी, असा व्यवहारी विचार माझ्या मनात आला होता, तो मी तिथेच गिळला. अख्खी लड पाठवायची ठरवली.

या वेळी चाचांनी गवत दिवसभर टिनावर वाळवलं, खोक्याला ड्रिलनं बारा भोकं पाडली आणि मी टेप लावेपर्यंत दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

चौथ्या दिवशी खोकं पोचलं. चार मणी पिचले होते. नणंदेनं ते फोनवर मला ऐकवत ऐकवत नखानं खुडले. प्रत्येक मण्याला एक लांबलचक "ईऽऽ" आणि मग सुनेच्या नाकाजवळ नेल्याचा दंगा. उरले सात. मी हुकूम सोडला: वाळू मिसळलेल्या मातीवर लड नुसती गोल आडवी ठेवायची, पुरायची नाही आणि दहा दिवस पाण्याचा थेंब नाही.

दुसऱ्या दिवशी फोन. "घालू का?"

"नाही."

तिसऱ्या दिवशी. "मणी जरासे सुरकुतले वाटते. नुसतं बोट ओलं करून..."

"ताई, मी नाशिकला येईन आणि तुमचा नळ बंद करीन."

"सासूपेक्षा बेकार आहेस तू."

असं रोज. तिला तिकडे कसं बसवत होतं कोण जाणे. सून सांगायची, आई कुंडीसमोर खुर्ची टाकून बसतात, हात पदरात गुंडाळून.

दहाव्या दिवशी तिचा फोन जरा उशिरा आला. आवाज एकदम बारीक, जवळ कुणी झोपलं असावं तसा.

"वहिनी, खालून पांढरं निघालं. शेवईच्या तुकड्याएवढं. मूळच आहे ना ते?"

"मूळच."

"मंग आता?"

"आता घाला पाणी. एक चमचा."

खुर्ची सरकल्याचा, भांड्यांचा आवाज आला.

"कोणता चमचा? पोह्याचा का चहाचा?"

"चहाचा."

"अर्धाच घालते," ती म्हणाली.