तिसरा महिना पुरा होईपर्यंत

"चालतंय की," असं म्हणताना ती ओढणीचं टोक कमरेला खोचायची. म्हणजे तोंडातून शब्द बाहेर पडेपर्यंत कामाला सुरुवात झालेली असायची. दुधाचा कॅन आत घ्यायचा असो, चक्क्याचं फडकं पिळायचं असो की ऐन जेवणाच्या वेळी आलेल्या पाहुण्यांसाठी पुन्हा भाकरी थापायच्या असोत, उत्तर ठरलेलं. तुमच्याही ओळखीत अशी एखादी सून असेल. घरातल्या सगळ्यांची ती लाडकी असते. का लाडकी असते, ते मात्र कुणी विचारायला जात नाही.

आमच्या पेठेत त्यांचं दूध-दह्याचं दुकान आहे. मी बँकेतून निवृत्त झालेली एकटी बाई, सकाळी किटली घेऊन दुकानात गेले की चार शब्द बोलणं व्हायचं तेवढंच. ती आजऱ्याची. माहेरी काजू फोडायचा छोटा कारखाना. लग्न होऊन आली तेव्हा वडिलांनी टेम्पो भरून घनसाळ तांदूळ आणि काजूचे डबे पाठवले होते. सासूबाईंनी गल्लीतल्या बायकांना बोलावून बोलावून ते दाखवले. "अहो, सूनही दाखवा की," असं मी म्हटलं, तेव्हा आतल्या खोलीतून ती खुदकन हसल्याचं ऐकू आलं. आमची ओळख तिथून सुरू झाली.

सासूबाईंना ती आत्या म्हणायची. सासूबाई मनानं वाईट नाहीत, हे मी आजही सांगेन. कुणाच्या घरी आजारपण असलं की यांच्याकडून दूध फुकट जातं. पण त्यांचं सगळं मोठ्यानं. सुनेला पहिल्यांदा दिवस गेले, त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं गल्लीभर पेढे वाटले. थोड्याच दिवसांत ते बाळ राहिलं नाही. डॉक्टरांनी काही कारणं सांगितली असतील. सासूबाईंनी आपलं कारण आधीच काढलं होतं: पेढे वाटले, नजर लागली.

म्हणून दुसऱ्या वेळी त्यांनी घरात ताकीद दिली. तिसरा महिना पुरा होईपर्यंत उंबऱ्याबाहेर एक शब्द जाता कामा नये. सून, मुलगा आणि त्या, एवढ्या तिघांनाच माहीत. आपल्याकडे पुष्कळ घरांत असं पाळतात, त्यात मला काही गैर वाटत नाही. फक्त यांच्या तिसऱ्या महिन्याच्या आत दुबई येत होती.

दुबईची सहल आधीच ठरली होती. सासूबाई, मुलगा, सून, लेक, जावई आणि गल्लीतली आम्ही चार-सहा माणसं. सून घरी थांबली असती तर लेकीनं विचारलं असतं, का थांबली? जावयाच्या आईला कळलं असतं, तिथून सगळ्या पाहुण्यांत गेलं असतं. तेव्हा गुपित राखायचं तर सुनेला नेणं भागच होतं. ही अक्कल कुणाची, ते मला माहीत नाही. हे सगळं मला कळलं तेच मुळी फार उशिरा. विमानतळावर मला दिसली ती नेहमीचीच सून, एका खांद्यावर स्वतःची पिशवी आणि दुसऱ्यावर सासूबाईंची.

त्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला आणि भडंग होतं. मोठ्या बॅगेत याहून दुप्पट. हॉटेलात सकाळी टेबलावर अठरा पदार्थ मांडलेले असायचे, आणि सासूबाई भडंगाची पिशवी फिरवायच्या. "पावणं, घ्या की! कोल्हापूरचं हाय!" असं त्यांनी एका गोऱ्या जोडप्यालाही सांगितलं. त्या दोघांनी खाल्लं आणि पाण्यासाठी धावले. आम्ही पोट धरून हसलो. ती मात्र मसाल्याच्या वासानं उठून गेली. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं, ओढणी नीट केलेली.

"बरं नाही का गं?" मी विचारलं.

तिनं आधी सासूबाईंकडे पाहिलं. "झोप न्हाई झाली, काकू."

उंच इमारतीसमोर फोटो काढताना तिला दोनदा जिन्यानं वर-खाली धाडलं, कारण एकदा नणंदेचा गॉगल वर राहिला होता, एकदा टोपी. "वैनी, जरा आणती का?" नणंद काही दुष्ट नव्हे. तिला बिचारीला माहीतच नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते फोटोसाठी केस सारखे करत होते.

मग वाळवंटात नेलं. तिथं जीपगाड्या वाळूच्या टेकड्यांवरून उड्या मारत जातात, आणि माणसं त्यासाठी पैसे देऊन ओरडतात. आमच्याबरोबरचा सहलीचा माणूस म्हणाला, "कंबरदुखी, हृदयाचा त्रास असलेले किंवा कुणी गरोदर असेल तर इथंच थांबा. तंबूत चहा मिळेल."

मी लगेच हात वर केला. माझी कंबर बँकेच्या खुर्चीनं कधीच खाल्ली आहे. मला सोबत हवी होती म्हणून मी तिला म्हटलं, "तूही थांब गं. चहा पिऊ दोघी."

ती थांबली. एक पाऊल माझ्याकडे आलीही. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं, तर तो जीपच्या टायरकडे बघत होता. जन्मात टायर न पाहिल्यासारखा.

"वैनी, तिला कशाला डांबून ठेवताय?" सासूबाई मला म्हणाल्या. "तरणीताठी पोर हाय. म्हाताऱ्यांत बसली तर चार मान्सं काय म्हंतील? इचारतील की, काय झालंय म्हनून!"

"मागं दणके बसतात, तिथं मी न्हाई बसनार," नणंद आतून ओरडली.

"चालतंय की," ती म्हणाली. "मी बसतो मागं." आणि ओढणी खोचून चढली.

दुसऱ्या दिवशी ती खोलीतून बाहेर आली नाही. पोट बिघडलंय, असं आम्हाला सांगण्यात आलं. सगळे बाजारात गेले, मी लिंबाचं सरबत घेऊन तिच्या खोलीत गेले. ती न्हाणीघराच्या दारात जमिनीवर बसली होती आणि पुढ्यात हॉटेलचे पांढरे टॉवेल होते, लाल झालेले. मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. मीच खाली जाऊन गाडी बोलावली, तिला दवाखान्यात नेलं, नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं. गाडीत तिनं माझा हात धरला होता. "काकू, तिसरा पुरा व्हायचा हाय अजून," ती म्हणाली. "कुनाला सांगू नगा."

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, जीपमुळे असं होत नसतं, जे व्हायचं ते कोल्हापुरातही झालं असतं. असेल. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण माझा राग त्या जीपवर नाहीच. आलेलं कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे गेलेलंही कुणाला सांगायचं नव्हतं, त्याचा मला राग आहे. परत आल्यावर गल्लीत एवढंच पसरलं की परदेशातलं पाणी सुनेला बाधलं. खजूर आणि अत्तरं बघायला बायका आल्या, त्यांना चहा तिनंच दिला. सकाळी दुकानात तीच उभी.

मी डिंकाचे लाडू करून नेले. दुकानाच्या मागच्या बाजूला उलट्या कॅनवर बसून ती एक लाडू खाऊ लागली, आणि खाता खाता तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. तेवढ्यात सासूबाई आल्या. डबा बघून त्यांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा खाली आला. "वैनी, डिंकाचं लाडू कशाला आनलासा? बघनाऱ्याला संशय येतोय की."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्या घरी बायका जमल्या होत्या. एकीनं सवयीनं विचारलं, "काय गं, काय इचार हाय का न्हाई अजून?" ती तिळगुळाचं ताट घेऊन उभी होती. तिनं ते खाली ठेवलं.

"झालतं की," ती म्हणाली. "दोनदा झालतं. दुसरं दुबईत गेलं. मला जीपमदी बशिवलं, तवा ते हुतं."

"तोंड आवर!" सासूबाई म्हणाल्या.

"आवरलंच हुतं, आत्या."

कुणी वाण घेतलं नाही. बायका चपला शोधत निघून गेल्या. नणंद भिंतीला टेकून रडत होती.

दोन दिवसांनी आजऱ्याहून वडील तोच टेम्पो घेऊन आले. नवरा दह्याचं वजन करत होता, तिथूनच म्हणाला, "जाऊन ये मग. चार दिसांनी न्यायला येतो." मी किटली घेऊन उभी होते. ती काय म्हणते म्हणून मीही वाट पाहिली. ती पुढच्या सीटवर वडिलांशेजारी बसली आणि तिनं दार ओढून घेतलं.

त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. तो दोनदा आजऱ्याला गेला आणि एकटाच परत आला. ती कारखान्याचं काम बघते, असं कळतं. मला तिनं एकदा कुणाच्या तरी हाती काजू पाठवले.

परवा फराळाला त्यांच्याकडे गेले होते. पाहुणे होते, म्हणून टीव्हीवर दुबई लावलेली. जावयानं जीपमध्ये काढलेलं ते चित्रण मी कधी पाहिलं नव्हतं. गाडी कलंडते, सगळे हात वर करून किंचाळतात. मागच्या सीटवर ती. तिचे हात तेवढे वर नाहीत. दोन्ही हात ओढणीखाली पोटावर घट्ट बांधलेले, पाय पुढच्या सीटला रोवलेले. नणंद मागं वळून ओरडते, "वैनी, कसं वाटतंय?"

ती मान वर करते आणि हसते. "चालतंय की."

"बघा, कशी हसतीया!" सासूबाई पाहुण्यांना म्हणाल्या. "काय कमी केलतं सांगा आमी तिला? परत लाव रं तेवढंच."

त्यांच्या मुलानं रिमोट उचलला आणि परत लावलं.