वसंतमामांचं शेवटचं बिल

सोळा जून, सोमवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. रक्कम दोन लाख एकोणीस हजार चारशे दहा रुपये. हजर: मी, कुसुममामी आणि काचेपलीकडे टाय लावलेला बिलिंगचा माणूस. वसंतमामा खाली तळघरातल्या शवागारात होते. सकाळी अकरा चाळीसला ते गेले. पूर्ण पैसे भरल्याशिवाय त्यांना घरी नेता येणार नाही, असं तो माणूस आम्हाला तीनदा सांगून चुकला होता.

मामा माझे नात्यानं कुणी नव्हेत. चिक्कडपल्लीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे, आणि अख्खी बिल्डिंग त्यांना मामाच म्हणायची. सिकंदराबादच्या एका पंपाच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. तिथला कायदा त्यांनी निवृत्तीनंतर दवाखान्यांना लावला. ओळखीत कुणी ॲडमिट झालं की मामा कापडी पिशवी घेऊन हजर. ती पलंगाच्या दांडीला बांधायची आणि नातेवाइकांना दम द्यायचा, "सुया सोडून सगळं यात टाकायचं. औषधाची बाटली, सलाईन, वेष्टणं. रिकामं मोजल्याशिवाय भरलेल्याचे पैसे द्यायचे नाहीत."

दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना न्यूमोनिया झाला तेव्हा बिलात एका औषधाच्या बावीस बाटल्या लावल्या होत्या. पिशवीत चौदा निघाल्या. मामांनी त्या काउंटरवर एका ओळीत उभ्या केल्या. राग आला की ते आवाज चढवत नसत, समोरच्याला 'जनाब' म्हणत. "जनाब, आठ बाटल्या किधर गए? और ये दस्ताने, तीन दिन में साठ जोड. आपकी सिस्टरां को कित्ते हाथ हैं?"

रांगेतली माणसं हसली. मी हसलो नाही. एकोणऐंशी वर्षांचे माझे वडील तीन तास व्हीलचेअरवर मान टाकून बसले होते. "मामा, पुरे करा! मी भरतो," मी ओरडलो.

"भर की. तुझ्याकडं आहेत. तुझ्यामागं तो पाचवा उभा आहे ना, त्याच्याकडं आहेत का, तेवढं विचारून ये."

आठ बाटल्यांचे पैसे कमी झाले. मी आठवडाभर मामांशी बोललो नाही.

ते भले होते, पण सोपे नव्हते. एका कोवळ्या नर्सला त्यांनी कापसाच्या बोळ्यांवरून इतकं टोचून विचारलं होतं की ती रडली. ती चूक तिची नव्हती, आणि हे कळल्यावरही मामांनी माफी मागितली नाही. स्वतःच्या बाबतीत तर हा माणूस निव्वळ बेजबाबदार. जून लागला तेव्हा चार दिवस त्यांच्या छातीत दुखत होतं आणि ते दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या विम्याचं तक्रारपत्र लिहीत बसले होते. "ॲसिडिटी आहे रे. कारकून लोकांना असतेच." मामी जिऱ्याचं पाणी देत राहिल्या. पाचव्या दिवशी त्यांना आम्ही उचलून नेलं. डॉक्टर म्हणाले, चार दिवस आधी यायला हवं होतं. दुसऱ्यांच्या बाटल्या मोजणाऱ्या माणसाला स्वतःचे चार दिवस मोजता आले नाहीत, याचा मला आलेला राग अजून गेलेला नाही.

आयसीयूत पिशवी बांधू देत नाहीत. त्यामुळे त्या सोमवारी माझ्या हातात काहीच नव्हतं. त्यांच्या मुलाचा परदेशातून फोन आला, "अंकल, जे असेल ते भरून टाका ना, प्लीज. आईला त्रास नको." साडेसहाच्या आत स्मशानात पोचायचं होतं. मी खिशातून कार्ड काढलं.

मामी दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवून स्टीलच्या खुर्चीत बसल्या होत्या. "मोजलंस?"

"मामी, आयसीयूतलं काय मोजणार? आणि आज?"

"मोजता येत नसेल तर वाच. त्यांना आता कसली घाई?"

नऊ पानं होती. आठव्या पानावर सोळा तारीख सुरू झाली. दुपारी एक वाजता दोन इंजेक्शनं, पाच हजार दोनशे ऐंशी. दीड वाजता वाफारा, साडेचारशे. पावणेदोनला आहारतज्ज्ञांची भेट, सातशे. दोन वाजता फिजिओथेरपी, साडेआठशे. आणि सतरा तारखेचं पलंगभाडं, साडेनऊ हजार. मृत्यूच्या दाखल्यावर वेळ रुग्णालयानंच लिहिली होती: अकरा चाळीस. मी बेरीज दोनदा केली. सोळा हजार सातशे ऐंशी.

"सर, ऐसे टाइम पे ऐसी बातां नक्को," तो माणूस म्हणाला. "सिस्टम में ऑटोमॅटिक आता. अम्मा को तकलीफ हो रही."

मामी उठल्या. काचेला हात टेकून म्हणाल्या, "अम्मा की फिकर नक्को करो. मुर्दे से दो बजे कसरत कौन कराया? उसकू बुलाओ. मेरेकू देखना है."

मग आतून मॅनेजर आला, आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. माणुसकी म्हणून वीस हजारांची सूट देतो, म्हणाला. मी मामींकडे पाहिलं.

"सूट नक्को. गलती लिखो."

"अम्मा, सूट में आपका ही फायदा है."

"फायद्याकू नहीं बैठी मैं इधर. लिखो."

दोन तास गेले. मुलाचे आणखी तीन फोन आले. तिसरा मी घेतला नाही. मामी पाण्याला शिवल्या नाहीत. साडेपाचला पाच ओळींवर लाल रेघ आली. प्रत्येक ओळीपुढे 'चुकीची नोंद, रद्द', सही आणि शिक्का. सूट घेतली असती तर तीन हजार दोनशे वीस रुपये वाचले असते. हे मी मामींना सांगितलं नाही. त्यांना ते कळत नव्हतं असंही मला वाटत नाही.

भरले दोन लाख दोन हजार सहाशे तीस, मामा-मामींच्या जोडखात्यातून, रुग्णालयाला. सहा वाजायला पाच कमी असताना त्यांनी मामांना आमच्या ताब्यात दिलं.