पोटातली कमिटी

गुडघा सुजला म्हणून हडपसरच्या आमच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी गुडघा जरा दाबला, साखरेचा रिपोर्ट वाचला आणि माझ्या पोटाकडे बघत बसल्या.

“गुडघा दुखतोय,” मी आठवण करून दिली.

“ऐकलं मी. पण आग पोटातून लागलीय,” त्या म्हणाल्या. “पोटावर चरबी साठली की तिच्यात पांढऱ्या पेशी गोळा होतात. खायला भरपूर, आणि लढायला जंतू एकही नाही. मग त्या उगाचच पेटतात आणि अंगभर बारीक सूज राहते. गुडघ्याला तीही भोवतेय.”

मला हसूच आलं. पोट भरलेलं, हाताला काम नाही आणि डोकं कायम तापलेलं, हे तर हुबेहूब आमच्या सोसायटीच्या कमिटीचं वर्णन! निवृत्त झाल्यापासून मी तिचा अध्यक्ष आहे, हे मात्र बाईंना सांगितलं नाही.

गोड बंद आणि रोज चाळीस मिनिटं चालायचं, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून खाली उतरलो, तर पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये एक अनोळखी स्कूटर. तिच्या मालकाशी मी चाळीस मिनिटं उभ्याउभ्या भांडलो. शेवटी कळलं, तो पाहुणाच होता.

वर आलो तेव्हा गुडघा ठणकत होता.

“अहो, झालं का चालून?” बायकोनं विचारलं.

मी बूट काढायला बसलो. त्या पेशींना तरी काय बोलणार? वळण घरचंच आहे.