छाटणीनंतरची फूट

तुमच्या आजोबांना पोटाचा कॅन्सर झाला तेव्हा तुम्ही शाळेतही जात नव्हतात. त्या वर्षाबद्दल लिहिते आहे ते किळसवाणं आहे. जेवताना वाचू नका.

केमोथेरपीचं सलाईन घेऊन आम्ही नाशिक रोडच्या फ्लॅटवर परतलो की तीन-चार दिवस घरभर फिनेल, उलटी आणि नणंदेच्या आमटीचा वास. "दादा, दोन घास तरी," म्हणत ती वडिलांच्या तोंडात चमचा कोंबायची. ते ओकायचे, मी धुवायचे. मग ती मला म्हणायची, "वहिनी, पेशंटशी इतकं कोरडं वागू नये." तिचा मला वीट आला होता.

त्याहून जास्त वीट माझाच यायला हवा होता. घरात 'अल्सर' म्हणायचं ठरलं होतं. आजोबांचा जन्म पिंपळगावच्या द्राक्षबागेत गेलेला, इंग्रजी येत नव्हतं. म्हणून डॉक्टर आणि मी त्यांच्यासमोर इंग्रजीतच बोलायचो. मी इंग्रजीची शिक्षिका. मला तो नीटनेटकेपणा वाटायचा.

काही महिन्यांनी गाठ पुन्हा वाढली. डॉक्टर म्हणाले, औषधाने भराभर वाढणाऱ्या पेशी मरतात, पण काही मूळपेशी निपचित पडून तग धरतात. उलट, औषधाने झालेल्या पडझडीतून आजूबाजूच्या पेशी जे निरोप सोडतात, त्यांनीच त्या जाग्या होत असाव्यात, असं आता काही संशोधकांना वाटतं. तरी आपण दुसरं, अधिक कडक औषध देऊ. मी संमतीपत्रासाठी पेन काढलं.

"काय म्हनतो तो?" आजोबांनी विचारलं.

"अल्सरचं औषध बदलायचंय."

"अल्सरला केस गळत नाय. पहिल्या सुईपासून माहीत हाय मला. तुला बरं वाटावं म्हणून गप होतो. आता नीट सांग."

मी सांगितलं. त्यांना समजायला मला लागला त्याच्या निम्माही वेळ लागला नाही.

"म्हंजी ऑक्टोबर छाटणी. काडीचा शेंडा कापला की शेंड्याचा धाक उठतो, खालचे झोपलेले डोळे फुटून कोंब येतात. आपण तर फुटावेत म्हणूनच कापतो." मग डॉक्टरांकडे वळून, "साहेब, ते डोळे झोपलेलेच राहतील असं काही हाय का?"

डॉक्टर त्यांच्याशी पहिल्यांदाच मराठीत बोलले. "अजून नाही, काका. शोध चालू आहे."

"आन् हे नवं घेतलं तर?"

"काही महिने मिळतील कदाचित. त्रास मात्र वाढेल."

"मग नको."

रिक्षात मी त्यांना भित्रे म्हणाले. त्या शब्दाची मला आजही शिसारी येते. ते म्हणाले, "बागेत पुढं घड येतो म्हणून वेलीला घाव घालतो. इथं काय येनार हाय?"

घरी आल्यावर त्यांनी सगळे रिपोर्ट मागितले. मी शेजारी बसून पहिल्या पानापासून मराठीत सांगू लागले. रोगाचं नाव आलं तिथे थांबले.

"वाच पुढं," ते म्हणाले. मी नाव मोठ्याने वाचलं.